सत्तेचाळिसाव्या टिपेतली तिसरी ओळ

टिपणराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि बिचारं तिथेच राहिलं. चारशे खाटांच्या त्या इस्पितळात तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत बसून सगळे सर्व्हर सांभाळणारा माणूस म्हणजे टिपणराव, एवढं लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. जे काही करतील ते टिपून ठेवायची त्यांना खोड. प्रिंटर अडला, सुटला, टिपलं. एक्स-रे विभागाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलं, मागे आणलं, टिपलं. बायको म्हणायची, "लग्नाच्या दिवशी यांनी खिशातून वही काढली नाही, एवढंच माझं नशीब."

खोड लागली त्याला कारण होतं. त्यांचा पहिला साहेब कमांड टाइप करताना कीबोर्डवर असा ओणवा व्हायचा, की शेजारच्याला फक्त त्याची पाठ दिसावी. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्याचा बाणा. साहेब निवृत्त झाला आणि त्याच आठवड्यात मेल बंद पडली. ती सुरू कशी करायची हे त्या अख्ख्या इमारतीत एकाही जिवंत माणसाला माहीत नव्हतं. तीन दिवस इस्पितळ चिठ्ठ्याचपाट्यांवर चाललं. तेव्हा तरुण टिपणरावांनी ठरवलं, की आपल्याला जे येतं ते आपण उघड्यावर मांडायचं, ज्याला हवं त्याने उचलावं.

आणि मांडलंही. इंटरनेटवर त्यांचं एक साधं पान होतं. चित्र नाही, रंग नाही, नुसत्या क्रमांक घातलेल्या टिपा. पण भाषा अशी, की वाचणाऱ्याला माणूस समोर बसून बोलतोय असं वाटावं. "सेटिंगची कुठलीही फाइल उघडण्याआधी तिची प्रत काढा आणि प्रतीच्या नावात तारीख घाला. 'जुनी', 'नवी', 'एकदम नवी' अशी नावं ठेवू नका, महिन्याभराने स्वतःचीच अक्कल विचारायची पाळी येईल." "दूरच्या मशीनची फायरवॉल, म्हणजे आत कोणाला येऊ द्यायचं याचे नियम, बदलत असाल तर आधीची खिडकी बंद करू नका. चावी आत ठेवून दार ओढून घेणाऱ्याला कोणी शहाणं म्हणत नाही." "पुसण्याची कमांड देण्याआधी, जे पुसायचं त्याची नुसती यादी मागवा. यादी वाचा. चहा प्या. यादी पुन्हा वाचा. मग पुसा." आणि पानाच्या डोक्यावर त्यांनी स्वतःसाठी एक नियम लिहिला होता: टिपेत काहीही बदललं, तर तारीख आणि कारण खाली लिहिलं जाईल. अशा तीनशे बारा टिपा होत्या. कुठकुठल्या गावांतून आभाराची पत्रं यायची आणि टिपणराव ती जेवताना बायकोला वाचून दाखवायचे. माणसाला थोडी शेखी असतेच. त्यांना होती.

आता सत्तेचाळिसावी टीप. ती बॅकअपची होती, म्हणजे रोज आपोआप एका डिस्कवरच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याची. तीन ओळी. पहिली सांगते मूळ कुठे आहे, दुसरी सांगते प्रत कुठे ठेवायची, आणि शेवटची म्हणते: मूळ जसं आहे, तंतोतंत तशी प्रत कर. मुळात नाही ते प्रतीतूनही काढून टाक. सुटसुटीत टीप. सगळ्यांत जास्त लोकांनी उचललेली.

आणि त्या टिपेत एक खड्डा होता. मूळ डिस्क जर त्या दिवशी जोडलेलीच नसली, तर मशीनला तिच्या जागी रिकामं फोल्डर दिसतं. मशीन आज्ञाधारक. मूळ रिकामं, म्हणून प्रतही रिकामी करतं. म्हणजे डिस्क मरते, प्रतीची खरी गरज पडते, नेमकं त्याच दिवशी प्रत साफ.

टिपणरावांना हे माहीत होतं. माहीत होऊन आठ वर्षं झाली होती. सफाईच्या वेळी कोणाच्या तरी पायाने एक वायर निघाली, आणि संध्याकाळी सातच्या ठोक्याला इस्पितळाची एक प्रत पांढरीफटक झाली. मूळ शाबूत होतं म्हणून निभावलं, कोणाला कळलंही नाही. पण टिपणरावांना कळलं. त्यांनी त्याच बैठकीत इस्पितळाच्या प्रत्येक मशीनवर मध्ये एक ओळ घातली: आधी बघ डिस्क खरंच आहे का; नसेल तर कशाला हात लावू नकोस आणि मला कळव. मग पानावरची टीप सुधारायला म्हणून पान उघडलं, इतक्यात फोन आला की शस्त्रक्रिया विभागाचा प्रिंटर अडलाय. उद्या करू, म्हणाले. त्या उद्याला आठ वर्षं लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं दुसऱ्या कोणाबद्दल हसत म्हणणारे आपण.

पत्र आलं ते एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत. लिहिणाऱ्या बाई दुसऱ्या गावच्या एका छोट्या केंद्रात वाचा-उपचार करायच्या. काही आजारांत माणसाचं बोलणं हळूहळू जातं. ते जाण्याआधी अशा माणसाकडून तीन-साडेतीनशे वाक्यं वाचून घेतात, आणि पुढे जिभेने साथ सोडली, की टाइप केलेलं मशीन त्याच्याच आवाजात बोलतं. हे वाचून घेण्याचं काम बाई करत. केंद्रात कॉम्प्युटर बघायला वेगळा माणूस नव्हता, म्हणून तेही त्याच करत.

"चार वर्षं तुमची सत्तेचाळिसावी टीप वापरते आहे," बाईंनी लिहिलं होतं. "तीन आठवड्यांपूर्वी आमची मुख्य डिस्क गेली. प्रत उघडली तर तीही रिकामी. नवी डिस्क घेऊन काम पुन्हा सुरू केलं आहे, पण अकरा जणांचे आवाज गेले. नऊ जण अजून बोलू शकतात, त्यांना पुन्हा बोलावलं आहे. दोघांचं बोलणं आता बंद झालंय. एक बसचे निवृत्त कंडक्टर आणि एक सात वर्षांच्या मुलीची आई. माझ्याकडून टीप उतरवताना काय चुकलं, ते सांगाल का? दुसऱ्या कोणाच्या बाबतीत माझ्या हातून असं व्हायला नको."

टिपणरावांनी डब्याचं झाकण लावलं. पहिली गोष्ट त्यांनी काय केली? पान उघडलं आणि ती ओळ टिपेत घातली, तिसरी म्हणून. चांगलंच केलं की, कोणीही म्हणेल. आणखी कोणाचा बळी जायला नको. पण खाली तारीख घातली नाही, कारण घातलं नाही. बोटं तिथपर्यंत गेली आणि थांबली. पान बघणाऱ्याला वाटावं, ती ओळ पहिल्यापासून तिथेच होती.

मग उत्तर लिहायला बसले. चार दिवस लागले. एरवी पाच मिनिटांत पानभर लिहिणारा माणूस, पण या खेपेला प्रत्येक वाक्य लिहून खोडत होता, कारण प्रत्येक वाक्याच्या टोकाला 'माझी चूक' हे शब्द येऊन उभे राहायचे. शुक्रवारी अखेर गेलं ते उत्तर असं: "फार वाईट वाटलं. प्रतीची डिस्क ताबडतोब काढून ठेवा, तिच्यावर नवं काही लिहू नका. माझ्याकडे पाठवा, काही निघतं का बघतो. तुमची फाइलही पाठवा." यात खोटं एक अक्षर नव्हतं. तीच तर गंमत.

त्याच दुपारी बाईंचं उत्तर आलं. "मी पान पुन्हा वाचलं. तिसरी ओळ आहे तुमच्याकडे! माझ्या फाइलीत नाही. म्हणजे उतरवताना माझ्याच हातून सुटली. चार वर्षं रोज तीच फाइल बघते आहे आणि डोळ्यांना दिसलं नाही. केंद्रप्रमुखांना तसं सांगितलं. दोन्ही घरी जाऊन सांगते. तुमचे उपकार."

इथे टिपणरावांनी दोन ओळींचं पत्र लिहिलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्यांनी लिहिलं नाही. मूग गिळून बसले.

डिस्क आली. टॉवेलात गुंडाळून, वर बाईंच्या अक्षरात "कृपया आपटू नये". टिपणरावांनी रजा टाकली आणि घरच्या टेबलावर कामाला लागले. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते, आणि कोणी नवं त्या जागेवर येऊन बसेपर्यंत जुनं खाली तसंच असतं. पण डिस्क काढून ठेवेपर्यंत केंद्रातली नवी रेकॉर्डिंगं रोज संध्याकाळी त्याच डिस्कवर येऊन बसत होती. नऊ जणांना पुन्हा बोलावलं होतं ना, त्यांची.

कंडक्टरांचा आवाज जवळजवळ पुरा निघाला. खणखणीत, पुढे सरका म्हणणारा. त्या आईच्या साडेतीनशे वाक्यांपैकी चौदा निघाली. "कपाटातली निळी छत्री कोणाची?" "झाडावर सात पोपट ओळीने बसले." अशी काहीबाही वाक्यं असतात ती, सगळे उच्चार यावेत म्हणून रचलेली. बाराव्या वाक्यानंतर ती हसली होती. "अहो, हे काय वाक्य आहे? माझी मुलगी ऐकेल तर म्हणेल आईला वेड लागलं!" आणि मागे बाईंचंही हसणं. टिपणरावांनी ते सहा-सात वेळा ऐकलं. चौदा वाक्यांवर मशीन बोलायला शिकत नाही.

टिपणरावांना शोधायचं नव्हतं, पण हाताची सवय वाईट. तिच्या आवाजाच्या जागी कोण येऊन बसलंय, ते त्यांनी तारखांवरून पाहिलं. बहुतेक सगळी रेकॉर्डिंगं सोमवार ते गुरुवारची होती. म्हणजे बाईंचं पत्र सोमवारी आलं आणि टिपणराव वाक्यं लिहून खोडत बसले, त्या दिवसांची. सोमवारी एका ओळीत "डिस्क काढा" एवढं कळवलं असतं, तर ती आई आज स्वतःच्या आवाजात बोलली असती. कदाचित. टिपणरावांनी त्या 'कदाचित'ला धरून पाहिलं, पण ते काही वजन पेलेना.

बायको शिवणकामाचे वर्ग घ्यायची. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. नवरा दोनदोनदा गॅस बघायला उठतो, नळ बघायला उठतो, आभाराचं पत्र आलं तर वाचून दाखवत नाही.

"अहो, झालंय काय तुम्हाला?"

त्यांनी अर्धं सांगितलं. टिपेत चूक होती, त्यापायी एका केंद्रातल्या बाईंकडचे रोग्यांचे आवाज गेले, एवढंच.

"मग सांगून टाका की त्यांना. मी कापड चुकीचं बेतलं, तर गिऱ्हाइकाला सांगतेच ना? दुसरं आणून देते."

"आवाजाचं कापड कुठल्या दुकानात मिळतं?"

तिने त्यांच्या ताटात पोळी वाढली. मग म्हणाली, "आणि त्या बाईंना काय वाटतंय, कोणाची चूक होती?"

टिपणरावांनी ताटात बघितलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्या रात्री बायकोने भांडी आवाज करत घासली.

शनिवारी सकाळची बस पकडून टिपणराव त्या गावी गेले. डिस्क पोस्टाने पाठवता आली असती. केंद्र म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या तीन खोल्या. त्यातल्या एका खोलीच्या भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, मधे एक मायक्रोफोन आणि दोन खुर्च्या. बाई पंचेचाळिशीच्या, केस घाईत बांधलेले. त्यांनी टिपणरावांसाठी स्वतः खुर्ची पुसली.

"तुम्ही स्वतः आलात! अहो, आजकाल कोण येतं? तुम्ही मेलने पाठवलेला कंडक्टरकाकांचा आवाज लावला काल. त्यांच्या घरचे सगळे रडले. काकांनी पहिलं वाक्य काय टाइप केलं सांगू? 'सुट्टे पैसे काढून ठेवा.' देवमाणूस आहात तुम्ही."

"बाई, तसं म्हणू नका."

"का नको म्हणू? चूक मी केली, निस्तरायला तुम्ही बसलात." बाईंनी डिस्क हातात घेतली आणि लगेच टेबलावर ठेवून दिली. "मी आता याला हात लावत नाही. कॉम्प्युटरचं सगळं काम देऊन टाकलं. रेकॉर्डिंगही आता दुसरी मुलगी करते. कशावर बोट ठेवलं की वाटतं, काहीतरी सुटलं असणार. घरी दाराला कुलूप लावते आणि परत येऊन बघते. मिस्टर हसतात."

टिपणरावांनी डिस्क टेबलाच्या कडेपासून आत सरकवली. "आणि ती... त्या बाई? लहान मुलीची आई?"

"त्यांना दुसऱ्या कोणाचा तरी आवाज बसवून दिलाय, तयार मिळतो तो. त्या काही बोलल्या नाहीत मला. चांगल्या आहेत. मुलगी मात्र माझ्यासमोर येत नाही. मला बघितलं की आत पळते. 'आईचा आवाज हरवणारी मावशी' म्हणते. लेकरूच ते. खरं तेच म्हणते."

"खरं नाही ते," टिपणराव म्हणाले.

बाईंनी वर बघितलं.

बसमध्ये त्यांनी एक भाषण तयार केलं होतं. त्यात खड्डा म्हणजे काय, तो कसा ध्यानात येत नाही, असं सगळं रीतसर होतं. त्यातलं काही आठवेना. ते एवढंच म्हणाले, "ती तिसरी ओळ टिपेत नव्हती. तुमच्या हातून काही सुटलं नाही. तुम्ही अक्षर न अक्षर बरोबर उतरवलंत. तुमचं पत्र वाचलं आणि त्यानंतर मी ती ओळ घातली."

बाईंना ते लगेच कळलं नाही. कळताना दिसलं. "पण मी पान बघितलं तेव्हा..."

"सोमवारी दुपारी घातली. तुम्ही शुक्रवारी बघितलीत."

"तारीख नव्हती खाली. तुमच्या प्रत्येक बदलाखाली असते."

"मुद्दाम घातली नाही."

खालच्या दवाखान्यात कोणाचा तरी नंबर पुकारला गेला. टिपणरावांना आता थांबता येईना. हा खड्डा आपल्याला आठ वर्षांपूर्वीच कळला होता, हे त्यांनी सांगितलं. स्वतःच्या इस्पितळात ओळ घातली आणि जगासाठी उद्यावर ढकलली, हेही सांगितलं. आणि शेवटी, जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते चार दिवस. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. कुठल्या दिवशी किती वाक्यं गेली, तेही.

बाई रडतील असं त्यांना वाटलं होतं, किंवा बाहेर जा म्हणतील. दोन्हीची त्यांनी मनाशी तयारी केली होती. बाई कितीतरी वेळ आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या, पालथे आणि मग उताणे.

"सहा आठवडे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "सहा आठवडे मी आठवते आहे, की टीप उतरवताना माझं लक्ष कुठे होतं. त्या दिवशी मुलाला ताप होता, म्हणून असेल, असं ठरवून टाकलं होतं मी. त्याच्यावरसुद्धा राग धरला. ताप आला म्हणून."

"माफ करा, असं म्हणायलाही..."

"नका म्हणू. आत्ता नका म्हणू." बाईंनी पर्समधून फोन काढला आणि एक नंबर लावला. "मला काय सांगताय? मला सांगून काय होणार? मी ज्यांच्या दारात उभी राहून 'माझी चूक' म्हणाले, त्यांना सांगा." आणि फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडे त्या आईचा नवरा होता. टिपणरावांनी आपण कोण ते सांगितलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. नवऱ्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "फोन स्पीकरवर आहे. ती ऐकते आहे. थांबा, तिला काहीतरी म्हणायचंय."

मग फोनमधून नुसतं टकटक ऐकू येऊ लागलं. एका बोटाने, अक्षर शोधत, चुकलं की मागे येत. टिपणरावांनी आयुष्यभर माणसांना टाइप करताना ऐकलं होतं, पण इतक्या सावकाश कोणी टाइप केलेलं ऐकलं नव्हतं. फोन कानाला लावून ते गाद्यांच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. बाईही खुर्चीतून उठल्या होत्या.

अखेर मशीन बोललं. स्वच्छ, गोड, कुठल्याही बाईचा असावा असा आवाज.

"मावशींची चूक नव्हती, हे माझ्या मुलीला तुम्ही येऊन सांगा. मी सांगून तिला पटणार नाही. या आवाजात मी काहीही सांगितलं, तर ती म्हणते, हे आई नाही सांगत."

टिपणरावांनी पत्ता विचारला. घर दोन गल्ल्या सोडून होतं. बाईंनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला. पण दार तुम्ही वाजवा."